घोड्यामागे किती किलो

परवाचा अख्खा रविवार मी अमरावतीजवळच्या एका रेसिंग ट्रॅकवर देवाचं नाव घेत काढला... माझा नवरा गाड्यांच्या शर्यतीत उतरला होता. वय पन्नाशीला टेकलेलं, धंदा अकोटला कापसाच्या जिनिंगचा!

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी आणि समोर सरळ रस्ता. हिरवा दिवा लागला की जीव खाऊन पळायचं. ऐकायला सोपं वाटतं... मलाही वाटलं होतं.

मग ह्यांनी गट कसे पाडतात ते समजावलं आणि माझी झोप उडाली. गाडीच्या वजनाला इंजिनाच्या हॉर्सपॉवरनं भागायचं. एका घोड्याच्या वाट्याला जितके कमी किलो, तितकी गाडी वेगवान आणि तितका गट वरचा.

आमच्या जुन्या गाडीचं इंजिन ह्यांनी आधीच तगडं करून घेतलेलं. त्यात मागची सीट काढली, स्टेपनी काढली, एसीही काढला. जिनिंगच्या काट्यावर गाडी तोलली आणि मला फोन केला, "वरच्या गटात बसून राहिलो नं आपण! काठावर, पण वरच्या!"

त्या गटातल्या गाड्यांचे व्हिडिओ मी पाहिले... पाहायला नको होते. एक गाडी भर वेगात आडवी होऊन भिंतीवर गेलेली. अकोल्याच्या कोर्टात दिवसभर बोलण्याचेच पैसे घेणारी मी, पण घरी 'नको' हा शब्द काही फुटेना. ह्यांनी किती महिने त्या गाडीवर जीव टाकला होता!

रविवारी ट्रॅकवर गाडी काट्यावर चढली आणि हे सवयीनं खाली उतरले. जिनिंगमध्ये ट्रॅक्टर काट्यावर आला की ड्रायव्हरनं उतरायचं, ही आमच्याकडची रीत. नाहीतर कापसाच्या भावात माणूसही विकला जायचा.

काट्यावरची मुलगी म्हणाली, "काका, उतरू नका. वजन ड्रायव्हरसकट धरतात."

हे परत बसले. आमचे हे काही काडीपैलवान नाहीत... पुन्हा भागाकार झाला आणि गाडी सरळ खालच्या गटात! मी तिथेच हात जोडले.

पण ती पुढे म्हणाली, "तुम्हाला वरच्या गटात पळायचं असेल तर पळू शकता. वर जायला मनाई नाही."

तेवढ्यात वरच्या गटाची एक जोडी सुटली. चपलेखालची जमीन हादरली, एका गाडीचं मागचं अंग झोकांडलं आणि कसंबसं सावरलं. ह्यांचं हेल्मेट माझ्या हातात होतं, त्याचं बक्कल खडखडा वाजत होतं.

"काहून थरथरून राहिली वं?" ह्यांनी विचारलं.

"मले भेव वाटून राहिलं," माझ्या तोंडून निघून गेलं. "लय दिवसाचं वाटून राहिलं. तुमाले वर जायचं असन तं जा, पण मी पाहणार नाई."

ह्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि त्या मुलीला म्हणाले, "माणूस धरूनच तोललं नं तुमी? मंग खालचाच गट लिव बाई."

खालच्या गटातही भीती काही कमी नव्हती हो! हिरवा दिवा लागला तसे मी डोळे गच्च मिटले, आवाज थांबल्यावरच उघडले. शेजारची गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती. आमचे हे पहिल्याच फेरीत बाद.

घरी येताना हे बडनेऱ्यापर्यंत फुगून बसले होते. मी एका शब्दानं समजूत घातली नाही. हरलेला, घामेजलेला, पण धडधाकट नवरा शेजारी बसला होता... मी त्याला पोटभर पाहून घेतलं.