आजाच्या कपाटाची दारं

काकूंनी आईच्या हातचा लाडू बेसिनमध्ये थुंकला. नळ मोठा सोडला. चूळ भरली, परत भरली, पदरानं तोंड पुसलं. आईकडं बघितलंच न्हाय. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हे आधी सांगायचं हुतं तुझ्या बापानं."

आई हातात ताट घेऊन उभी. हसत. तिला वाटलं, ठसका लागला. तिनं तांब्या पुढं केला. काकूंनी हात मागं घेतला.

मला कळलं. आमच्यातल्या पोरांना हे लवकर कळतं, कुणी शिकवावं लागत न्हाय. पाठीवर दप्तर तसंच होतं.

काकू म्हणजे आमची घरमालकीण. बारामतीत बंगला, पणदऱ्याला ऊस. वरच्या दोन खोल्या आमाला भाड्यानं दिलेल्या. माझी आई जपानची. बाप बावड्याच्या बौद्धवस्तीतला. तरुणपणी तो बोधगयेला गाडी चालवायचा, तिथल्या विहारात आई दर्शनाला आलेली. लग्न करून थेट बावड्याला नांदायला आली. मराठी तिला शिकवलं माझ्या आजानं, बापाच्या बापानं. त्यामुळं तिच्या तोंडून निघायचं ते आजाचं बोलणं. "बसा की. च्या घिऊन जावा." लोक पोट धरून हसायचे, तीही हसायची.

काकूंना तिचं भारी कौतुक. "आमच्याकडं जपानी भाडेकरू हायेत," असं फोनवर सगळ्यांना सांगायच्या. हळदीकुंकवाला तिला मधोमध बसवायच्या. बंगल्याच्या बागेत कारंज्यापाशी त्यांनी बुद्ध पण ठेवलेला. नुसतं डोकं. शोभेचं.

आमच्याकडं बुद्धाचं लाकडी कपाट होतं. आईनं माहेराहून आणलेलं, हातभर उंच, पुढं दोन दारं. आत बुद्ध, आणि बुद्धाशेजारी घरातली गेलेली माणसं. त्यांच्यात तशीच रीत. तिथं आईची आई होती, आणि आजा होता. आजाचा फोटो गावातल्या विहाराच्या उद्घाटनाचा. पांढरं धोतर, हातात निळा झेंडा, मागं भिंतीवर ठळक अक्षरात 'जय भीम'. सकाळी भात शिजला की आई घंटी वाजवून सूत्र म्हणायची. भाताची पहिली वाटी बुद्धाला, मग आजाला, मग आमाला. शाळेची घंटा होऊ दे न्हायतर काही होऊ दे, आजाच्या आधी माझा डबा भरायचा न्हाय.

पण जिन्यावर पाऊल वाजलं की दारं मिटायची. हा बापाचा नियम. आईला त्यानं सांगितलेलं, "हितली पद्धत हाय. परकं माणूस आलं की देव झाकायचा." आईनं मानलं. रीतभात मानणारी बाई ती. मिटायचं काम माझ्याकडं. दूधवाला असो, पेपरवाला असो, मी धावत सुटायचे. कान सदा जिन्याकडं. झोपेतसुद्धा दचकून उठायचे, दारं मिटली का?

दिवस आणि रात्र सारखे होतात, त्या सुमारास आईच्या मुलखात गेलेल्या माणसांचा सण असतो. त्या दिवशी आईच्या माहेरी कपाटाची दारं मिटत नसत. भाताचे लाडू वळायचे, वरून गोड चवळीचं पुरण लावायचं, शेजाऱ्यांना खाऊ घालायचं. बाप कंपनीत कामावर. मी शाळेत. आईनं काकूंना वर बोलावलं.

मी जिना चढून आले, तर काकू घास तोंडात घेऊन कपाटापुढं उभ्या. दारं सताड उघडी.

"हे कोण?" काकूंनी विचारलं.

आईनं मान ताठ करून सांगितलं, "माझा सासरा. ह्येंचा बा. लई चांगला माणूस."

काकूंची नजर झेंड्यावर गेली. मग भिंतीवर. मग बेसिनकडं.

त्या गेल्यावर आईनं ताटातला एक लाडू उचलला आणि चाखला. सावकाश चावला.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "नासला न्हाय. मग?"

काय सांगू तिला? बुद्धाचा देश म्हणून इतक्या लांब आलेल्या बाईला काय सांगू?

"लाडू न्हाय आई," मी म्हणाले. "आजा."

तिला कळलं न्हाय. आजा कसा नासेल?

संध्याकाळी काकूंचे मालक वर आले. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. आवाज न चढवणारा माणूस. त्याचीच मला जास्त धास्ती वाटायची. बाप नुकताच कामावरून आलेला, हातपायसुद्धा धुतले नव्हते. तात्या खुर्चीत बसले, बाप उभा.

"राहा की," तात्या म्हणाले. "कोण जा म्हणतंय? बुद्ध असू द्या, आमच्या बागेत बी हाय. पण आमच्याकडं चार माणसं येत्यात. हे म्हाताऱ्याचं तेवढं झाका." मग माझ्याकडं बघून गोड हसले. "पोरी, मिट बघू ती दारं."

बापानं मान खाली घातली. "मिट गं."

मी कपाटापाशी गेले. डाव्या दारावर हात ठेवला, सवयीनं. आत आजाची वाटी. सकाळचा भात वरून वाळलेला. आई कपाटापुढं गुडघे मोडून बसलेली, माझ्याकडं बघत. रागावली नव्हती. फक्त बघत होती, की मेलेल्या माणसाला परत घराबाहेर कसं हाकलतात.

हात हलेना. मग जोर आला कुठून कोण जाणे.

"मी न्हाय मिटणार."

आवाज निघाला तो मांजराच्या पिल्लासारखा. पण निघाला.

"काय म्हणतीय ही?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय मिटणार. माझा आजा हाय."

बापानं मारायला हात उगारला. उगारलेला तसाच राहिला. मला रडू फुटलं, पण दारावरचा हात मी काढला आणि पाठीमागं धरला. तात्या उठले. जाताना खुर्ची ज्या ठिकाणी होती तिथं नीट सरकवून ठेवली आणि म्हणाले, "महिना भरला की खोल्या मोकळ्या करा."

बावड्याला परत जाताना टेम्पोत सामानावर आमी तिघं. कपाट आईच्या मांडीवर. इंदापूर मागं पडल्यावर तिनं बापाला विचारलं, "देव झाकायची पद्धत नव्हती?"

बापानं सामानाची दोरी आवळली.

"तू भीत व्हतास," ती म्हणाली. आणि कपाटाची दारं तिथंच, चालत्या टेम्पोत उघडली.

आई आता माझ्याजवळच असते. थकलीय, पण सकाळची घंटी चुकवत न्हाय. मी बारामतीतच नोकरी करते. भाड्यानं घर बघायला जाते तेव्हा पर्समधून आधी आजाचा फोटो काढते. मालकाच्या हातात देते. "हा माझा आजा. हा घरात दिसणार. आता भाडं बोला." कितीतरी जण भाडं बोलतच न्हाईत. खोली कालच गेली म्हणतात. जाऊ दे, दुसरी बघते.

भीती गेली असं कुणी समजू नका. जिन्यावर पाऊल वाजलं की आजही अंग आपोआप उठायला बघतं.

उठत न्हाय. उठून करायचं काय? कपाटाची दारं मी बिजागऱ्यांसकट काढून टाकलीत.