अकरा यंत्रांचं ऑफिस

आमच्या म्हैसूरच्या ऑफिसात एकदा दोन सॉफ्टवेअरची स्पर्धा लावली होती. पहिलं नेटवर्क सांभाळणारं. इमारतीतले स्विच, राउटर, वायफायचे डबे यांतलं कोण जिवंत आहे, कोण मेलंय आणि कोण नुसतं पडून आहे, हे ते एका पडद्यावर दाखवी. दुसरं प्रोग्रामरांच्या लॅपटॉपसाठी. नवा माणूस रुजू झाला की त्याच्या लॅपटॉपवर कामाची सगळी हत्यारं, योग्य त्या आवृत्तीची, एका फाइलीत लिहिल्याबरहुकूम ते मांडून देई. म्हणजे एक गल्लीत पाणी सोडणारा व्हॉल्व्हवाला आणि दुसरी पुरणपोळीची कृती. यांतलं सरस कोण, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आमच्या साहेबांना पडला, कारण बेंगळुरूच्या मुख्य ऑफिसने 'व्यवस्थापन साधन' या रकान्यात त्या वर्षी एकच खरेदी मंजूर केली होती.

"पण सर, दोघांची कामं वेगळी आहेत," मी म्हटलं.

"म्हणून तर तुलना हवी. सारखी असती तर तुलना कशाला केली असती?"

तुलनात्मक अहवाल माझ्याकडे आला. त्याचा तक्ता साहेबांनी स्वतः आखून दिला होता: वापरायला सोपं, शिकायला सोपं, विस्ताराला वाव, असं करत करत शेवटचा निकष 'दूरदृष्टी'. दूरदृष्टीसाठी मी दोघांनाही दहापैकी सात दिले. सात दिले की देणाऱ्याने विचार केलाय असं वाटतं. आठ दिले तर कारण विचारतात.

ही सगळी गंमतच राहिली असती. पण पहिलं सॉफ्टवेअर निवडलं गेलं असतं तर आमचं नेटवर्क बेंगळुरूत बसूनही दिसणार होतं, आणि मग आमच्या एकुलत्या एक नेटवर्कवाल्यांची जागा तिकडे हलवायची, असं घाटत होतं. हे गृहस्थ पंचावन्नच्या पुढचे. जुन्या म्हैसूर संस्थानाच्या फौजेबरोबर आलेल्या मराठी घराण्यातले. घरात मराठी, पण निम्मं वाक्य झालं की कन्नडचा थांबा येई. राहायला नजरबादला. रोज दुपारी एक वाजता स्कूटर काढून घरी जात, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना स्वतःच्या हाताने भरवत आणि अडीचला परत येत. वडील दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसत. जागा बेंगळुरूला गेली तर नेटवर्कवाल्यांपुढे राजीनामा एवढाच मार्ग होता. हे साहेबांनाही ठाऊक होतं. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मी त्यांना माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून ते शांतपणे वाचलं.

"अक्का, यात लिहिलंय, माणसाची चूक टळते. कुठल्या माणसाची ते नाही लिहिलं."

"कुठल्याही."

"मग विकतात कोण हे? माणसंच, अल्वा, होय की नाही? सुम्ने, उगाच काहीतरी छापतात." त्यांनी माहितीपत्रक परत दिलं. "तुम्ही खरं ते लिहा. माझ्यासाठी म्हणून काही फिरवू नका. वरचढ असेल तर वरचढ लिहा. अष्टे, एवढंच."

असं कुणी बोललं की फिरवाफिरवी करायची सोय उरत नाही. मी मनाशी ठरवलं, चाचणी अगदी निःपक्षपाती करायची. नेटवर्कवर कसलीही गडबड नको, लोक नकोत, व्हिडिओ बघणारे तर अजिबात नकोत. असा दिवस एकच होता, दसऱ्याची सुट्टी. एरवी मी त्या दिवसांत सांगलीला माहेरी जाते, कारण दसऱ्यात म्हैसूरच्या रस्त्यांवर म्हैसूरच्या माणसाला जागा नसते. त्या वर्षी तिकीट मिळालं नाही. ऑफिसातली आयुधपूजा आदल्या दिवशी झाली होती. मग सुट्टीच्या सकाळी चहा पीत मी घरून पहिल्या सॉफ्टवेअरचं बटण दाबलं. हे बटण नेटवर्कवर जे जे आहे ते ते हुडकून यादी करतं. चार मिनिटांत यादी आली. एकूण अकरा यंत्रं, सगळी ठणठणीत. आकडा थोडा कमी वाटला खरा. पण पडद्यावर हिरवी बरोबरची खूण होती, आणि हिरव्या खुणेशी वाद घालण्याइतकं धैर्य माझ्यात सकाळी नसतं. मी तो तक्त्यात भरला आणि अहवाल पाठवून दिला.

सुट्टी संपल्यावर नेटवर्कवाले माझ्या टेबलाशी आले. हातात साहेबांच्या पत्राची छापील प्रत होती. साहेबांनी अहवाल बेंगळुरूला पाठवताना वर एक परिच्छेद जोडला होता. त्यात 'ऐतिहासिक' हा शब्द दोनदा होता आणि खाली प्रश्न होता: अवघ्या अकरा यंत्रांसाठी पूर्ण वेळ एक माणूस म्हैसुरात कशाला?

"अकरा कुठनं आले, अक्का?"

"सॉफ्टवेअरनं मोजले. सुट्टीच्या दिवशी."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखाद्याने चुलीवर चप्पल ठेवली तर बघावं तसे.

"आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी? तेव्हा तर सगळे झोपलेले. मीच निजवले. सर्व्हरला आणि बाहेरच्या लाइनीला लागतात तेवढे जागे ठेवले, बाकी बंद."

"बंद कशाला केले?"

"कुंकू लावलं, फूल ठेवलं, मग त्यांना राबवायचं? वर्षातनं एक दिवस सुट्टी त्यांना. आमचे आजोबा पूजेला ठेवलेली तलवार दसरा संपेपर्यंत हलवत नव्हते. तुमच्याकडे काय करतात?"

आमच्याकडे खंडेनवमीला माझा भाऊ स्कूटरला हार घालतो आणि पाचव्या मिनिटाला तीच स्कूटर घेऊन पानपट्टीवर जातो. हार वाटेत पडतो. आयुधाला विश्रांती वगैरे आमच्या घराण्यात कुणी ऐकलं नव्हतं. म्हैसुरात पंधरा वर्षं काढून मला ते माहीत नव्हतं, आणि त्यापायी मी एका माणसाची नोकरी चार मिनिटांत घालवत आणली होती.

साहेबांना सांगायला मला दुपार उजाडली. सकाळी मी दोनदा त्यांच्या केबिनपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा पाण्याची बाटली भरून परत आले.

"आता?" साहेब म्हणाले. "मी 'ऐतिहासिक' लिहिलंय."

"पुन्हा मोजू सर. चूक माझी आहे, तसंच लिहीन."

"असं करू. सध्या अकराच राहू देत. पुढच्या तिमाहीत वाढ दाखवू. वाढ चांगली दिसते."

"सर, तोपर्यंत त्यांची बदली होईल."

साहेब वाईट गृहस्थ नव्हते. फक्त एकदा पाठवलेला अहवाल मागे घेणं म्हणजे वरात अर्ध्यातून परत नेण्यासारखं त्यांना वाटत होतं. शेवटी म्हणाले, "बेंगळुरूला तुम्हीच सांगा. मी फक्त हजर राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला व्हिडिओ कॉल लागला. पलीकडे बेंगळुरूच्या एक बाई, या सगळ्या खरेदीच्या प्रमुख. मी काय झालं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "दाखवा," एवढंच म्हणाल्या. मी सगळ्यांसमोर तेच बटण दाबलं. यादी खाली सरकत गेली आणि त्रेपन्नावर थांबली. प्रत्येकापुढे एक लांबलचक अंकी पत्ता होता आणि जागेच्या रकान्यात सगळीकडे 'अज्ञात'.

"हे कुठे आहेत कोण सांगेल?" बाईंनी विचारलं.

नेटवर्कवाले खुर्ची पुढे ओढून बसले आणि वरून एकेक सांगत गेले. हा जिन्याखालचा. हा कॅन्टीनमधला, त्याच्यावर इडलीची वाफ जाते, म्हणून दर दोन महिन्यांनी उघडून पुसावा लागतो. हा गच्चीवरचा, याची वायर माकडं ओढतात. हा बन्नूर रस्त्यावरच्या गोदामाकडचा, तिथल्या ऊसवाल्याचा ट्रॅक्टर आडवा उभा राहिला की रेंज जाते. त्याला फोन केला की तो हलवतो.

"आणि हा सदतिसावा? हा आपल्या खरेदीतला दिसत नाही."

मी साहेबांकडे बघितलं. साहेब टेबलाकडे बघत होते.

"तो वायफायचा खासगी डबा आहे," नेटवर्कवाले म्हणाले. "पहिल्या मजल्यावर. क्रिकेटच्या दिवसांत चालू असतो. त्रास काही नाही त्याचा."

पहिल्या मजल्यावर केबिन एकच आहे. बाईंनी पुढचं विचारलं नाही. पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि त्या लिहिण्याला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ गेल्यासारखं साहेबांना वाटलं असावं.

आठवड्याने निर्णय आला. 'दोन्ही साधनांना समान गुण मिळाल्याने' दोन्ही विकत घ्यायची होती. रकान्यात एकाचीच मंजुरी होती हे कुणालाच आठवत नव्हतं. नेटवर्कवाल्यांची जागा म्हैसुरातच राहणार होती, त्यांच्या निवृत्तीपर्यंत. शेवटी एक कलम: यापुढे कोणतंही यंत्र कोणत्याही कारणासाठी बंद करायचं झाल्यास पंधरा दिवस आधी लेखी परवानगी घ्यावी.

नेटवर्कवाल्यांनी पत्र दोनदा वाचलं. 'निवृत्तीपर्यंत' या शब्दावर त्यांचं बोट जरा रेंगाळलं. मग घड्याळात बघून ते उठले. एक वाजत आला होता.

"आय्तु, झालं. पुढच्या पूजेसाठी परवानगी मागू," ते स्कूटरची किल्ली शोधत म्हणाले. "अर्ज तुम्ही लिहायचा, अक्का. चूक तुमची होती."

मी लिहिला. कारणाच्या रकान्यात काय घालायचं यावर बराच वेळ गेला. 'नियतकालिक देखभाल' असं घातलं. ते लगेच मंजूर झालं.