तात्यांच्या खांद्यावरची माझी पिशवी

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिरंगुटला कंपनीच्या ऑफिसात होते. काकू एवढंच म्हणाली, "ये गं, तुझा तात्या उठंना." सकाळी चहा पिऊन खाटेवर टेकले ते टेकलेच... याला पाच आठवडे झाले. लोक अजून भेटायला येतात, म्हणतात, पोरीनं चुलत्याचं लई केलं. मी मान खाली घालते. तोंडानं सांगता येत नाही म्हणून आज लिहिते.

रिहे गावातल्या आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील बारावीनंतर नको म्हणत होते. त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे तात्यांनी, त्यांच्याशी वाद घातला आणि मला जाड कापडाची, लांब पट्ट्याची पिशवी आणून दिली. मी तिच्यावर पेनानं नाव घातलं, पास झाल्यावर पुढे बी.कॉम. जोडलं. तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद माझ्या हातात. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

काही वर्षांपूर्वी उरवड्याच्या एका कारखान्यात माल उतरवताना तात्यांच्या कमरेवर लोखंडी फाटक पडलं. हाड जुळलं, पण मूत्राशय आणि लघवीची वाट फाटली. काही महिने लघवीसाठी पोटातून नळी, मग ती वाट पुन्हा जोडायचं मोठं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरबाई वॉर्डात आल्या. "काका, पाठीत एक बारीक नळी ठेवू, तिच्यातून तीन-चार दिवस औषध देऊ. नाहीतर मूत्राशयाला कळा येतात..." भोवती भावकीतली चार माणसं. लघवीच्या गोष्टी तात्यांसमोर ऐकताना माझे कान तापले. मी म्हटलं, "मॅडम, इंग्लिशमध्ये सांगा. मी ग्रॅज्युएट आहे."

बाई इंग्रजीत बोलल्या. एपिड्युरल हे त्या नळीचं नाव एवढं कळलं, बाकीचं भराभर निघून गेलं. मी मान हलवत राहिले. पाठीत सुई घेतली की कंबर कायमची जाते, हे गावात ऐकलेलं तेवढं डोक्यात होतं.

"काय म्हनल्या?" तात्यांनी विचारलं.

"दुखू नये म्हणून सुई आहे. घेतलीच पाहिजे असं नाही. नको."

"बरं. तुला कळलं म्हंजी झालं."

नकाराच्या कागदावर तात्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून मी केली, इंग्रजीत.

ऑपरेशन चांगलं झालं. पण दुसऱ्या दिवसापासून कळा सुरू झाल्या, बाकीची औषधं पुरेनात. दुखतं म्हणून तात्या खोकत नव्हते. छातीत कफ साठला, ताप आला, मग आवरेना असा खोकला. आठव्या दिवशी जोड गळू लागला. बाईंनी या वेळी मराठीतच सांगितलं, "ती नळी असती तर कळा कमी झाल्या असत्या, त्यांना मोकळं खोकता आलं असतं. तरी जोड टिकलाच असता, असं नाही म्हणता येत." या शेवटच्या वाक्याला मी किती वर्षं धरून बसले...

पोटातली नळी कायमची राहिली. लघवीची प्लास्टिकची पिशवी लपवायला तात्यांनी माझी कॉलेजची पिशवी मागून घेतली. पट्टा सोडून गुडघ्यापर्यंत लोंबती केली आणि तशीच लग्नाकार्यात मिरवली. कोणी विचारायचं, "काय तात्या, कॉलेजला निघालास का?"

"व्हय. नापास झालोय, परत बसतोय."

सगळे हसायचे. मी चहा आणायला आत जायचे.

गेल्या दिवाळीत धीर करून म्हटलं, "तात्या, त्या दिवशी मला बाईंचं काही कळलं नव्हतं."

तात्या शेंगा सोलत होते. "ठावं हाय मला. कळलेलं मानूस येवढी मान हलवत न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"चार मान्सांत तुला खाली पाडू व्हय? मीच सांगत फिरायचो, आमची पोरगी विंग्रजी बोलती म्हनून." मग सोललेल्या शेंगांची वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं.

परवा काकू म्हणाली, "तुझी पिशवी ने बाई. धुऊन ठिवलीय." खाटेच्या खालच्या दांडीला तात्यांनी तारेचा आकडा वाकवला होता, तिथंच ती लटकत होती. माझं नाव धुऊन धुऊन उडालं होतं. बी.कॉम. तेवढं ठळक होतं. ते पुसट झालं की तात्या स्वतः पेनानं गिरवायचे, काकूनं सांगितलं.

मी पिशवी आणली नाही.