खिडकीतला चाप

मागच्या हिवाळ्यात मी उंदरासाठी लावलेल्या चापात वडिलांचं बोट पकडलं.

आमचं घर भिंगारमधलं, आजोबांच्या वेळचं. दगडी भिंती, वर पत्रे, आणि भिंत नि पत्रा यांच्यामध्ये कुठं चार बोटं तर कुठं वीतभर फट. उन्हाळ्यात हीच फट आम्हाला जगवते. मार्गशीर्ष लागला की तिच्यातून असं वारं येतं की देवापुढचं निरांजन हाताच्या आडोशानं लावावं लागतं. त्या हिवाळ्याच्या आदल्या थंडीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दमा एवढा उसळला की त्यांना दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पुढची थंडी सांभाळा. आणखी एक असा झटका त्यांना झेपायचा नाही." अण्णा तेव्हा पलीकडच्या बाकावर वाकून चपलेचा पट्टा लावत होते. त्यांनी ते ऐकलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

म्हणून कोजागरी झाल्याबरोबर आम्ही नवराबायको खर्चाचा मेळ घालायला बसलो. दवाखान्यानं शिल्लक पार खरवडून नेली होती. दिवाळीचे कपडे रद्द झाले, फराळ निम्म्यावर आला, डिंकाचे लाडू फक्त अण्णांपुरते ठरले. बायकोचं म्हणणं सरळ होतं. "अण्णांच्या खोलीवरचे पत्रे बदला आणि वरची फट बांधून घ्या. खिडकीला हात लावू नका. बाकी कशाला पैसे उरले नाहीत तरी मी भागवीन."

पत्रेवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी तांब्याभर पाणी प्यायलो. मग मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातला एक गृहस्थ स्पंजच्या पट्ट्या आणि थर्माकोल चिकटवून घर उबदार ठेवत होता, वर हसत होता. पत्र्यांच्या पाव खर्चात काम. मला वाटलं, आपल्याला काय धाड भरलीय? त्याच्या डोक्यावर पत्रे नव्हते आणि घरात दम्याचा म्हातारा नव्हता, एवढं बघायचं राहिलं.

सगळा रविवार मी शिडीवर होतो. वरच्या फटीत थर्माकोल कोंबला, खिडकीच्या चारही कडांना सोल्यूशन फासून पट्ट्या दाबल्या. एका पट्टीबरोबर माझी बाहीही खिडकीला चिकटली. बायकोनं कात्री आणून मला सोडवलं. बाही तिथंच राहिली.

"खिडकीला हात लावू नका म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हात कुठं लावलाय? बाही लावलीय."

तिला हसू आलं नाही.

अण्णा ओट्यावर बसून सगळं बघत होते. मी उतरून म्हटलं, "आता वाऱ्याची काय बिशाद आहे आत शिरायची!"

"छान केलंस," अण्णा म्हणाले. "ऊब आली हो."

हे ते ओट्यावरूनच म्हणाले. खोलीत त्यांनी अजून पाऊलही टाकलं नव्हतं. पण कौतुक ऐकताना माणूस जागा कुठं बघतो?

दिवाळी सरली आणि खरी थंडी पडली. अण्णांचा खोकला वाढला. रोज सकाळी मी त्यांच्या दाराशी उभा राहून आधी कान द्यायचो, मग आत जायचो. आतून श्वासाची शीळ ऐकू आली की भीती वाटायची, नाही आली की जास्तच. डॉक्टरांचे शब्द मी बायकोला सांगितले होते, पण आम्ही दोघंही ते पुन्हा उच्चारत नव्हतो. "अण्णा, बरं वाटतंय ना?" विचारलं की ते मान हलवायचे. बायको म्हणाली, "खोलीत त्या सोल्यूशनचा वास कोंडलाय. भिंतीला ओलही आलीय." मी म्हटलं, वास जाईल. ओल दगडाची असते.

त्याच सुमारास खिडकीची पट्टी कुरतडलेली दिसायला लागली. आज बोटभर, उद्या वीतभर. मी उंदराला शिव्या घातल्या. बापाच्या जिवावर उठलाय म्हटलं. बाजारातून लाकडी चाप आणला, त्यात कांद्याचं भजं अडकवलं आणि अण्णा झोपल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. अण्णांना सांगितलं नाही. उगाच काळजी करतील!

पहाटे खाटकन आवाज आला. पाठोपाठ अण्णांचा. आम्ही धावलो. मफलर गुंडाळलेले अण्णा खिडकीपाशी उभे होते आणि त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चाप लोंबत होता. मी तो उचकटला. बायको हळद आणायला पळाली, जाता जाता तिचा धक्का कॉटवरच्या गादीला लागला आणि गादीखालून एक गठ्ठा घसरला. स्पंजचे तुकडे. एकावर एक नीट रचलेले, सुतळीनं आडवेउभे बांधलेले. लष्करी छावणीच्या कचेरीत अण्णांनी जन्मभर कारकुनी केली, फायली बांधल्या. गाठ ओळखीची होती.

अण्णांना बोलण्याइतका श्वासच नव्हता. मी खिडकीच्या उरलेल्या पट्ट्या ओरबाडून काढल्या, फळी उघडली. थंडगार वारं आत आलं. अण्णा कॉटवर बसले, तोंड तिकडं करून. हळूहळू छातीतली शीळ उतरली.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"तू दिवसभर शिडीवर मरत होतास. म्हटलं, आपल्यासाठीच करतोय. निघून जाईल हिवाळा." मग थांबून म्हणाले, "आणि बिगुल ऐकू येईना."

छावणीतला पहाटेचा बिगुल त्या खिडकीतून स्पष्ट ऐकू येतो. आम्हाला कुणाला त्याचं काही वाटत नाही.

"दम लागला की रात्र सरत नाही," अण्णा म्हणाले. "बिगुल वाजला की कळतं, निघाली. तुझ्या त्या पट्ट्या लावल्यापासून काही कळेचना, किती रात्र उरलीय ते. म्हणून रोज थोडी सोलायचो."

मी त्यांच्या बोटावर हळद दाबत होतो.

शेवटी बायकोनंच हलकं केलं. "अण्णा, भज्यासाठी तर नव्हता ना गेलात?"

"छे," अण्णा म्हणाले. "शिळं होतं."

त्याच आठवड्यात पत्रेवाला आला. माझ्या मोटारसायकलचे टायर पुढच्या वर्षावर गेले आणि चहात साखर असते हे आम्ही विसरलो. वरची फट विटांनी बांधली. खिडकी मोकळी राहिली, पण अण्णांची कॉट तिच्या समोरून काढून आडोशाला घेतली. दिवसा ते ओट्यावर उन्हात बसायचे. खोकला पुरता गेला नाही, पण दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. पहाटे बिगुल वाजला की आता मीही जागा होतो आणि पलीकडच्या खोलीतली हालचाल ऐकतो.

संक्रांतीला शेजारचे निवृत्त सुभेदार तिळगूळ द्यायला आले. ओट्यावर अण्णांशेजारी बसले आणि म्हणाले, "काय अण्णा, यंदा थंडीनं काही केलं नाही ना?"

अण्णांनी काळंनिळं झालेलं नख त्यांच्यापुढं धरलं, मग माझ्याकडं बोट केलं.

"थंडीनं काही केलं नाही. जे केलं ते यानं."