मंगलला कसलंच टेन्शन नव्हतं

डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्मवर पेनचं टोक टेकवलं. करड्या मेंदूत दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके होते, चाळणीतून पीठ सांडावं तसे.

"याला स्मॉल व्हेसल डिसीज म्हणतात," ते म्हणाले. "मेंदूत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या खराब झाल्यात. परवाचा झटका लहान होता, त्यातून मावशी सावरतील. पण हे बाकीचे ठिपके परवाचे नाहीत गुरुजी, जुने आहेत." मग त्यांनी विचारलं, "घरात काही टेन्शन?"

मी मंगलकडे पाहिलं. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. जीभ अजून जड होती, तरी तिनं सावकाश उत्तर दिलं, "मला कसलं टेन्शन? दोन टाइम खाऊन राहिले, धंदा करून राहिले."

डॉक्टर हसले. मीही हसलो. तिचं म्हणणं दोघांनीही मनावर घेतलं नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. मंगल चौसष्ट वर्षांची. आमच्या घरात बांगड्यांचा धंदा पिढीजात. मी नोकरी धरली, धंदा तिनं सांभाळला. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात तिची जागा ठरलेली. त्या दिवशी ती एका नवरीचा हात हातात घेऊन हिरवा चुडा भरत होती. एकाएकी तिची बोटं सैल पडली आणि ती काहीतरी भलतंच बोलायला लागली. नवरीच्या आईनं तिला धरलं, शेजारच्या कापडवाल्यानं गाडी काढली आणि वाटेत मला घेतलं. वसमतला पोहोचलो तेव्हा बीपी इतकं वाढलेलं होतं, की त्यांनी तसंच पुढे नांदेडला पाठवलं.

वाटेत फार वेळ गेला असता, तर आज मी हे लिहायला बसलो नसतो. त्या नवरीच्या आईचं नावही मला ठाऊक नाही. पहिले आभार तिचे.

घरी आणल्यावर भेटायला माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण टेन्शन शोधत होता. माझ्या बहिणीला वाटलं, आमचा मुलगा पुण्यात राहतो म्हणून. शेजारणीला वाटलं, उन्हातान्हात बाजार करते म्हणून. आमची मुलगी सुषमा नांदेडला असते. तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच विचारलं, "बाबा, तुमी काही बोललात का आईला?" त्या प्रश्नानं मी आठवडाभर नीट जेवलो नाही. आमचं भांडण म्हणजे चहात साखर किती, एवढंच.

मंगलला सगळ्यांनी उपाय सांगितले. डोळे मिटून बस, श्वास मोज, विचार करू नको. ती बिचारी सगळं करायची. पण बीपी उतरेना. चार गोळ्या चालू होत्या. मीठ बंद, पापड बंद, ठेचा बंद. साखरही वाढलेली निघाली. झोप तर तिची कधीच उडाली होती. एका दुपारी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "माझ्या मनात काहीच न्हाई हो. काहून कोणी ऐकून नाही राहिलं?"

मी तिला पाणी दिलं.

आणखी काही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. वर्षभरात तिचा चेहरा गोल आणि लालसर झाला होता, पोट सुटलं होतं. बाजारातल्या बाया म्हणायच्या, "मंगलमावशी, तब्येत चांगली सुधारून राहिली!" पण हातपाय मात्र काड्या झाले होते. तिच्याच हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायच्या. नुसता धक्का लागला तरी कातडीखाली काळानिळा डाग उठायचा. आम्ही म्हटलं, वय झालं.

पुढच्या तपासणीला नांदेडला गेलो, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी बीपीचे आकडे दोनदा वाचले. मग फाइल बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"मावशी, या स्टुलावर बसा. आता हात न टेकता उठून दाखवा."

मंगलनं प्रयत्न केला. अर्धवट उठली आणि परत बसली. पुन्हा केला. तिसऱ्या वेळी मी हात पुढे केला, तर डॉक्टरांनी मला थांबवलं. त्यांनी तिचे दंड पाहिले, डाग पाहिले, मनगटावरची कातडी चिमटीत धरून पाहिली.

"हे नुसतं बीपी नाही," ते म्हणाले. "आणि टेन्शनही नाही. हे माझ्या लक्षात आधीच यायला हवं होतं."

त्यांनी आम्हाला एंडोक्राइनोलॉजिस्टकडे, म्हणजे शरीरातल्या ग्रंथींच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या एक तरुण बाई होत्या. घाईनं बोलत नव्हत्या. दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून आणायला सांगितली. तो कॅन पिशवीत घालून आम्ही बसनं निघालो. शेजारच्या बाईनं दूध आहे का म्हणून विचारलं, तेव्हा मंगल कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. दुसरी तपासणी डेक्सामेथासोनची. झोपताना एक गोळी घ्यायची आणि सकाळी रक्त द्यायचं. धडधाकट माणसाच्या शरीरातलं कॉर्टिसॉल त्या गोळीनं खाली येतं. मंगलचं आलं नाही.

"कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचा हार्मोन," बाईंनी समजावलं. "दोन्ही किडन्यांच्या वर अ‍ॅड्रिनल नावाची एकेक छोटी ग्रंथी असते. माणूस घाबरला, आजारी पडला, की ती कॉर्टिसॉल जास्त सोडते. संकट सरलं की कमी करते. यांचा नळ बंदच होत नाही. मनात ताण नसला तरी शरीर रात्रंदिवस संकटात असल्यासारखं चाललंय. बीपी त्यानंच वाढलं, साखर त्यानंच, आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना त्याचाच मार बसला."

मंगल माझ्याकडे वळली. "ऐकलं ना? मी काय सांगत होते?"

"व्हय," मी म्हणालो. "बराबर सांगत होतीस."

पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीवर सुपारीएवढी गाठ दिसली. बहुधा साधी, कॅन्सरची नसावी, असं डॉक्टर म्हणाले. पण काढायलाच हवी. आधी गोळ्यांनी कॉर्टिसॉल आणि बीपी खाली आणायचं, कारण ऑपरेशनच्या टेबलावर पुन्हा मेंदूचा झटका यायची भीती होती. ते दिवस फार वाईट गेले. ती झोपली की मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचो, ओठ वाकडा तर होत नाही ना. तिला ते कळायचं. डोळे न उघडता म्हणायची, "जित्ती आहे मी. जा, चहा ठेवा."

ऑपरेशनच्या दिवशी सुषमा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिनं डबा आणला होता, तो तसाच राहिला. ती एकदाच बोलली, "बाबा, त्या दिवशी मी तुमाला उगीच विचारलं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "निघाली गाठ. बीपी पूर्ण वेळ सांभाळता आलं." सुषमा रडायला लागली. मी तो डबा उघडून तिच्यापुढे धरला.

ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांच्यासाठी पुढचं सांगतो, कारण आम्हाला वाटलं होतं, गाठ निघाली की सगळं बरं. तसं होत नाही. इतके दिवस एकीनंच सगळं काम ओढल्यानं दुसरी ग्रंथी झोपलेली असते. ती जागी होईपर्यंत स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या सावकाश कमी करतात. आपल्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही, त्यानं जिवावर बेतू शकतं. त्या काळात मंगलचं सगळं अंग दुखायचं. अन्न नको व्हायचं. "आधीची बरी होते," म्हणायची. मी गच्चीवर जाऊन ग्रंथींच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हा त्रास म्हणजे शरीर परत शिकून राहिलंय. धीर धरा." त्या मूळच्या आमच्याच भागातल्या असाव्यात. त्या एका "शिकून राहिलंय"नं मला उभं केलं.

आणि हेही सांगतो. हा आजार विरळा आहे. बीपी वाढलेल्या प्रत्येकाला तो नसतो. पण गोळ्यांना बीपी दाद देत नसेल, चेहरा गोल होत असेल, हातपाय वाळत असतील, तर डॉक्टरांना एकदा विचारा. टेन्शन घेऊ नका म्हणून माणसाला गप्प करू नका.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, हळदी शिजवायच्या दिवसांत मंगल हात न टेकता जमिनीवरून उठली. कोणी सांगितलं नव्हतं. मांजरानं दुधाला तोंड लावलं, म्हणून उठली. मांजर पळालं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. बीपीच्या चारपैकी तीन गोळ्या बंद झाल्या. साखर उतरली. चेहरा पूर्वीचा झाला. बाजारात बाया आता म्हणतात, "मावशी, फार वाळल्या!" ती म्हणते, "व्हय, सुधारले."

पुढच्या एमआरआयमध्ये नवा ठिपका नव्हता. जुने मात्र तिथंच आहेत. ते जाणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही ते मान्य केलं आहे.

त्या ठिपक्यांमुळे असेल, बोलता बोलता तिचा एखादा शब्द हरवतो. ती हात हवेत धरून थांबते. सुरुवातीला मी पटकन शब्द पुरवायचो. वर्गात जन्म गेला, पोरगं अडलं की उत्तर सांगायची सवय. एकदा ती म्हणाली, "थांबा ना. माझा शब्द आहे, मीच आणते."

आता मी थांबतो. काल संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. ती कुणाबद्दल तरी सांगत होती आणि अडली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसली. मग तिचा चेहरा उजळला आणि तिनं शब्द सांगितला.

बरोबर होता.