सभेआधीच लिहिलेलं इतिवृत्त

ग्रामसभा सकाळी अकराला होती. तिचं इतिवृत्त मी नऊलाच लिहून ठेवलं होतं.

इतिवृत्त म्हणजे सभेत कोण काय बोललं, काय ठरलं, याची रजिस्टरातली नोंद. आम्ही ग्रामसेवक त्याला प्रोसिडिंग म्हणतो. ते सभेनंतर लिहायचं असतं, हे मला माहीत होतं. पण माझं अक्षर सुरेख, आणि घाईत ते बिघडतं. शिवाय ठराव एकच: मंजूर झालेला हातपंप खालच्या पाड्यात, सरपंचांच्या घराजवळ बसवणे. 'सांगोपांग चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' ठरावाला सूचक लागतो, म्हणजे तो मांडणारा माणूस. मागच्या सभेच्या हजेरीतलं पहिलं नाव उचललं: रुमलीबाई.

गाव तोरणमाळच्या घाटाखालचं. रुमलीबाई वरच्या पाड्याची. तिथल्या बायका उन्हाळ्यात नाल्यात खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्या गावातलं माझं तिसरं वर्ष होतं.

सभेत ती उठली. "भाऊसाहेब, तू काय लिहिलं ते वाच." तिकडे सगळ्यांनाच तू म्हणतात, कलेक्टरलाही.

"सभा झाली की वाचतो."

"पान तर भरलेलं दिसतं."

वाचावं लागलं. 'सूचक, श्रीमती रुमलीबाई' आलं आणि बायकांत हसू फुटलं. ती हसली नाही.

"पंप खाली द्या, असं मी बोलली? कधी? झोपेत?"

रजिस्टरची पानं नंबर घातलेली असतात, फाडता येत नाहीत. मी तिरपी रेघ मारली, 'रद्द' लिहून सही केली, आणि अब्रू वाचवायला दुसरी चूक केली. नागरिकशास्त्राचा तास घेतला. लोकशाही म्हणजे बहुमत, हात वर करा, मोजतो. खालच्या पाड्याची माणसं दुप्पट होती.

एकही हात वर गेला नाही. ज्यांच्या दारात पंप येणार होता ते सरपंचच म्हणाले, "हिला हरवून घरी पाठवू, आणि उद्या लग्नाला तिच्याच पाड्यात जाऊ? आमच्यात पटेपर्यंत बसतात. तू पण बस."

बसलो. एकेक जण बोलत होता, मध्ये कोणी तोडत नव्हतं. दोनला विस्तार अधिकाऱ्यांचा, म्हणजे माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला, आम्हा दोघांच्या अहिराणीत. संध्याकाळी पाचपर्यंत ठराव पोचला नाही, तर पंप दुसऱ्या गावाला जाणार होता.

"सभा व्हयनी का रे?"

"व्हई ऱ्हायनी, साहेब."

"एक ठराव ना? सकायपासून काय करी ऱ्हायना तू?"

"ऐकी ऱ्हायनू, साहेब."

"ऐकाले तुले कोनी सांगेल व्हतं?"

साडेचारला ठरलं. नवा पंप वरच्या पाड्यात. खालचा बंद पडलेला जुना पंप दुरुस्त करायचा, आणि त्यासाठी पंचायत समितीत खेटे मी घालायचे. हेही सर्वानुमते. पाचच्या आत ठरावाचा फोटो साहेबांच्या मोबाइलवर गेला, आणि महिन्याभरात पंप वर बसला.

'सर्वानुमते' हा शब्द मी तोवर कितीदा लिहिला असेल. तो खरा व्हायला साडेपाच तास लागतात, हे तेव्हा कळलं.

फोटो काढण्याआधी नवं पान मी वाचून दाखवलं. रुमलीबाईने अंगठा लावला आणि निघताना बायकांना म्हणाली, तेही आपली बोली सोडून, मला कळावं म्हणून मराठीत:

"माणूस वाईट नाही. पण याला रजिस्टरजवळ एकटा सोडायचा नाही."