शिंगाड्याचा पुरावा

त्या डब्याचा विषय निघाला की आजही मला हसू येतं आणि कानही थोडे गरम होतात. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. कॉलनीकॉलनीत व्यायामशाळा निघाल्या होत्या आणि जो तो प्रोटीन पावडरीची भाषा बोलत होता.

नवरात्र संपून चार दिवस झाले असतील. मखमलाबादकडची एक भाजीवाली बाई सकाळीच लेकीला घेऊन ठाण्यात आली. लेक पोलीस भरतीची तयारी करत होती, ग्राउंड, म्हणजे पळण्याची मैदानी चाचणी, महिन्यावर आलं होतं. प्रोटीनचा खरा परदेशी डबा त्यांच्या आवाक्याबाहेरचा. एका दुकानदाराने तसाच डबा निम्म्या किमतीत दिला आणि सांगितलं, जेवण कमी कर, त्याऐवजी ही पावडरच घे. पोरीने भाकरी सोडली. आदल्या दिवशी पळता पळता ती मैदानावरच खाली बसली होती.

खरं सांगतो, मी त्या बाईला वाटेला लावायला बघत होतो. म्हटलं, बाई, हे ग्राहक मंचाचं काम, पोलिसांचं नाही. बाई ऐकून घेत होती, पण बाकावरून हलेना. शेवटी मी वैतागून म्हणालो, यात फसवणूक आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने जातात.

तिने पिशवीतून तो डबा काढून उघडला, चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "फुटाने हायेत, साखर हाय. आन् शिंगाडा लागलाय. उपासाचं दळन झाल्यावर त्याच गिरनीत दळलंय हे."

आमचे ठाणे अंमलदार हसले. मला मात्र हसू आलं नाही, त्याचं कारण पुढे सांगतो. मी फिर्याद घेतली, पंचांसमक्ष डबा सील केला आणि स्वतःच निघालो.

नवरात्राच्या तोंडावर काही गिरण्या धुऊन-पुसून फक्त उपवासाचं दळण घेतात. भगर, राजगिरा, शिंगाडा. त्या दुकानाच्या आसपास अशा दोनच गिरण्या होत्या. पहिलीत काही मिळालं नाही. दुसऱ्या गिरणीवाल्यासमोर मी फुटाण्यांचं नुसतं नाव काढलं, तर त्याने राग ओकायला सुरुवात केली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी एक गडी स्कूटरवर गोणी घेऊन आला होता. आज फुटाणे दळणार नाही म्हटलं तर ऐकेना, जादा पैसे देतो म्हणाला. गिरणीवाला लोभात पडला. मग रांगेतल्या बायांनी दोघांचीही अशी खरडपट्टी काढली की याला गिरणी पुन्हा धुवावी लागली.

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. दंड असे की खुर्चीच्या हातांत मावेनात. माल बाहेरून येतो, बिलं आहेत, असं तो ठासून सांगत होता. तासभर तो बिलं दाखवत राहिला, मी चहा पाजत राहिलो. आपल्याकडे भले भले आवाज चढवतात, पण खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं, तो स्वतःच दमतो. मग मी गिरणीवाल्याला आत बोलावलं.

"हेच ते," गिरणीवाला म्हणाला. "यांच्यापायी माझी गिरणी दोनदा धुतली गेली."

पहिलवान जागेवर विरघळला. व्यायामशाळांतून रिकामे डबे गोळा करायचे, फुटाणे-साखर भरायची, झाकण चिकटवायचं. त्याच्या मागच्या खोलीत पोतंभर फुटाणे आणि डब्यांची चळत सापडली. पंचनामा लिहिताना आमच्या हवालदारांचा हात दुखून आला.

पोरीला मी सिव्हिलमध्ये पाठवलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, पोटभर भाकरी, मोडाची उसळ, शेंगदाणे, अंडी, दूध. आई म्हणाली, हे तर मी रोजच ताटात वाढत व्हते. पोरगी मान खाली घालून हसली आणि जेवायला लागली. महिन्याभराने ग्राउंडवर ती अशी पळाली की बघत राहावं. यादीत नाव लागलं तेव्हा मला माझ्या भरतीपेक्षा जास्त आनंद झाला.

नोकरीत मी तज्ज्ञांचे पुष्कळ अहवाल वाचले. पण ज्या बाईने आयुष्यभर पीठ चाळलं, तिची जीभही अहवालच असते, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. समोरच्याला उठवण्याआधी त्याला काय माहीत आहे ते विचारावं, एवढं मी पुढे पाळलं.

भरतीच्या निकालानंतर मायलेकी ठाण्यात आल्या, मटकीच्या उसळीचा डबा घेऊन. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला हाकलत होतो, तरी तुम्ही उठला नाहीत. एवढा धीर कुठून आला?"

"धीर कसला साहेब," ती म्हणाली. "तुमच्या कपाटावर फायलींच्या मागं तसलाच डबा दिसला मला. म्हनलं, साहेब बी आपल्यासारखेच फसलेत, आज ना उद्या लिहून घेतीलच."

वार्षिक तपासणीआधी पोट आत जावं म्हणून पंधरा दिवस मी तेच फुटाणे दुधातून पीत होतो. माझं नाव साक्षीदारांत कुठेच नाही, ते आज इथे लिहून टाकलं. ती उसळ आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली.